देवभूमीतील गिरिसरोवरे आणि त्यांचे सांडवे

महाराष्ट्रातील भाविकांना उंचावरचे पाणी नवे नाही. हरिश्चंद्रगडावरील केदारेश्वराच्या गुहेत शिवलिंगाभोवती कंबरभर थंडगार पाणी बारमाही साठलेले असते. रायगडावरचा गंगासागर तलाव गडाच्या बांधकामासाठी दगड काढताना झालेल्या खाणीतून आकाराला आला, तर महाबळेश्वरचा वेण्णा तलाव १८४२ साली साताऱ्याचे छत्रपती अप्पासाहेब महाराज यांच्या आज्ञेने बांधण्यात आला. गडोगडी आढळणारी पाण्याची टाकी, देवळापुढच्या पुष्करिणी, घाटमाथ्यावरची तळी यांच्याकडे बारकाईने पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. यांतील बहुतेक सर्व मनुष्याने खोदलेली वा बांधलेली आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर निसर्गनिर्मित विस्तीर्ण सरोवर जवळजवळ नाहीच, कारण उंचावरील सरोवरे मुख्यत्वे घडविते ती हिमनदी, आणि सह्याद्रीवर हिमनदी कधी वाहिलीच नाही.

हिमालयात प्रकार वेगळा आहे. मानसरोवर, सतोपंथ, हेमकुंड, वासुकी ताल, केदारनाथच्या माथ्यावरचे चोराबारी ताल ही सारी सरोवरे निसर्गाने घडविलेली असून त्यांच्या तीरावर जाणे हे यात्रेचे एक अंग मानले जाते. दरवर्षी महाराष्ट्रातून बदरी-केदाराच्या दर्शनास फार मोठ्या संख्येने भाविक जातात. त्यांतील अनेक जण या सरोवरांचे तीर्थ कुपीत भरून घरी आणतात. ज्या पाण्यास आपण तीर्थ म्हणून मस्तकी लावतो ते तेथे आले कोठून, ते तेथे कशाने थांबले आहे आणि वाढल्यास बाहेर कोठून जाते, एवढे तरी यात्रेकरूंस ठाऊक असणे अगत्याचे आहे. धरणाच्या भाषेत बोलायचे तर प्रत्येक सरोवराला बांध कोणता आणि सांडवा कोठे, हा तो प्रश्न होय. देवभूमीतील गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाच्या उत्तरावर सहस्रावधी जीव अवलंबून राहिलेले आहेत.

मानसरोवर आणि राक्षसताल

ब्रह्मदेवाने हे सरोवर प्रथम आपल्या मनात निर्माण केले व नंतर ते पृथ्वीवर प्रकटले, म्हणून त्यास मानस असे नाव पडले, अशी पुराणकथा आहे. कैलास शिखराच्या दक्षिणेस तिबेटच्या पठारावर सुमारे ४,५९० मीटर उंचीवर ते पसरलेले असून त्याचे क्षेत्रफळ ४१० चौरस किलोमीटरच्या घरात आहे. त्याच्या पश्चिमेस अगदी जवळ राक्षसताल आहे. रावणाने येथे तप केल्याची कथा असल्याने त्यास रावणताल असेही म्हणतात. दोन्ही सरोवरांवर एकच आकाश, एकाच प्रदेशातील हिमशिखरांचे पाणी. तथापि मानसरोवराचे पाणी गोड आणि राक्षसतालाचे खारट.

भाविक याचे कारण देव आणि दानव यांच्या स्वभावात शोधतात. भूगोलाने दिलेले कारणही तितकेच मननीय आहे. मानसरोवर भरले की त्याचे जादा पाणी गंगा छू या नावाच्या नैसर्गिक प्रवाहातून किंचित सखल असलेल्या राक्षसतालाकडे जाते. म्हणजे मानसरोवरास सांडवा आहे. पाण्याबरोबर आलेले क्षार पाण्याबरोबरच निघून जातात. राक्षसतालातून मात्र पाणी क्वचितच बाहेर पडते. बहुतेक काळ ते उन्हाने व वाऱ्याने आटते आणि क्षार मागे राहतात. घेणे आणि पुढे देणे ज्यास साधले ते मधुर राहिले, असे कीर्तनकार या दोन सरोवरांविषयी सांगतात. त्यांचे हे सांगणे भूगोलाशी तंतोतंत जुळते, हे विशेष.

कैलास-मानसरोवराची यात्रा १९८१ मध्ये लिपुलेख खिंडीच्या मार्गे सुरू झाली, २०१५ पासून सिक्कीममधील नथू ला मार्गही खुला झाला. २०२० मध्ये महामारीमुळे खंडित झालेली ही यात्रा २०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू झाली.

पाणी अडते कसे

हिमनदी म्हणजे अत्यंत मंद गतीने उतरणारा बर्फाचा प्रचंड लोट. तो आपल्या भाराने पर्वताची कूस खरवडतो आणि शिखराच्या पायथ्याशी कढईसारखा खोलगट भाग कोरतो. भूगोलात त्यास हिमगव्हर म्हणतात. हवामान उबदार होऊन बर्फ मागे हटला की या कढईत पाणी साठते आणि तिचा अखंड खडकाचा काठ बांधाचे काम करतो. काठाच्या सर्वांत सखल जागेवरून जादा पाणी ओढा होऊन वाहू लागते. अशी सरोवरे दीर्घायुषी असतात, कारण त्यांचा बांधही कातळाचा आणि सांडवाही कातळातला.

हिमनदी आणखी एक काम करते. खरवडलेले दगड, गोटे, वाळू, माती हे सारे ती आपल्या दोन्ही बाजूंस व पुढे ढकलीत नेते. त्याचे उंच बंधारे तयार होतात. त्यांस हिमोढ अशी संज्ञा आहे. हिमनदी आक्रसली की हिमोढ आणि पर्वत यांच्यामधील घळीत वितळलेले पाणी साठते. हेही सरोवर दिसावयास तितकेच निळे, तितकेच निश्चल. परंतु त्याचा बांध म्हणजे न चोपलेल्या दगडमातीचा ढीग, आणि पुष्कळदा त्याच्या पोटात जुन्या बर्फाचे थर अडकलेले असतात. तो बर्फ विरघळला की बांध आतून पोकळ होतो.

तिसरा प्रकार दरड कोसळून होणाऱ्या सरोवरांचा. अरुंद खोऱ्यात डोंगराचा कडा नदीत पडतो, नदी अडते, आणि काही दिवसांत वा महिन्यांत जेथे गाव व शेते होती तेथे ताल निर्माण होतो. असे ताल बहुधा अल्पायुषी असतात. गढवालमधील गोहना ताल हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला. बदरीनाथच्या प्रत्येक यात्रेकरूने तो जाणून घ्यावा इतका तो बोधप्रद आहे.

गोहना ताल, १८९३-९४

चमोलीहून बदरीनाथकडे जाताना बिरही या ठिकाणी बिरही गंगा ही लहानशी नदी अलकनंदेस मिळते. आज मोटारीने पूल ओलांडताना तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. सप्टेंबर १८९३ मध्ये या नदीच्या वरच्या खोऱ्यात गोहना गावाजवळ डोंगराचा एक अख्खा कडा कोसळला आणि सुमारे ९०० फूट उंचीचा बांध नदीच्या पात्रात उभा राहिला. त्यामागे पाणी साठू लागले.

सरकारी बांधकाम खात्यातील अभियंता लेफ्टनंट कर्नल पुलफोर्ड यांनी स्थळाची पाहणी केली. भूगर्भ सर्वेक्षण विभागाचे टी. एच. हॉलंड यांनीही अभ्यास करून अहवाल दिला. हा बांध फोडणे वा त्यातून वाट काढणे मनुष्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, तो आपण होऊन लवकर फुटणार नाही, परंतु पाणी माथ्यावरून वाहू लागले की तो टिकणार नाही, असा पुलफोर्ड यांचा निष्कर्ष होता. ती वेळ १८९४ च्या ऑगस्टमध्ये येईल, असा अंदाजही त्यांनी वर्तविला. म्हणजे हाताशी जवळजवळ वर्षभराचा अवधी होता. तो अवधी वाया गेला नाही, हीच या कथेतील मुख्य गोष्ट.

लेफ्टनंट क्रुकशँक या तरुण अधिकाऱ्याची तलावावर नेमणूक झाली. गोहन्यापासून खाली मैदानापर्यंत तारायंत्राची ओळ टाकण्यात आली. वाहने नसलेल्या, पायवाटांच्या त्या पहाडी मुलखात हे काम किती कष्टाचे झाले असेल, याची कल्पना आजही अलकनंदेच्या कड्यांकडे पाहिल्यावर येते. खोऱ्यात ठिकठिकाणी खुणेचे खांब रोवून पूर आला असता कोणत्या उंचीच्या वर जावयाचे ते ग्रामस्थांना दाखवून देण्यात आले. महत्त्वाचे झुलते पूल पूर येण्यापूर्वीच उतरवून ठेवले गेले. यात्रेकरूंना नदीकाठच्या नेहमीच्या वाटेवरून वळविण्यात आले. त्या काळी बदरीनाथची वाट हरिद्वारपासून पायी आणि बव्हंशी नदीच्या कडेनेच जात असे. चट्ट्याचट्ट्यांवर मुक्काम करीत जाणाऱ्या भाविकांचे तांडे याच काठावर असत, हे लक्षात घेतले म्हणजे या वळवण्याचे मोल कळते.

२५ ऑगस्ट १८९४ रोजी पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहू लागले. त्याच दिवशी मध्यरात्रीच्या सुमारास बांध खचला आणि रात्रभरात सुमारे २८ कोटी घनमीटर पाणी अलकनंदेच्या खोऱ्यात लोटले. गढवालच्या राजांची जुनी राजधानी असलेले श्रीनगर नगर वाहून गेले. पुढे ते अधिक उंच जागी नव्याने वसविण्यात आले. चारधाम मार्गावर आज जे श्रीनगर लागते ते हेच नवे नगर होय. घरे, मंदिरे, बाजार, शेते यांची हानी अपरिमित झाली. मात्र मनुष्यहानी केवळ पाच जणांची. ते पाचही जण एकाच फकिराच्या कुटुंबातील होते. त्यांना तेथून हलविले असताही ते पुन्हा परतले होते.

पाण्याची पातळी खाली गेली तरी ताल संपला नाही. उरलेले सरोवर दुर्मी ताल या नावाने पुढे तब्बल ७६ वर्षे टिकले. २० जुलै १९७० रोजी अतिवृष्टीत तेही गाळाने भरून फुटले. त्या पुरात बदरीनाथ मार्गावरील बेलाकुची ही वस्ती वाहून गेली आणि दूर हरिद्वारजवळ गंगा कालवा गाळाने भरला. या वेळी ना तारायंत्र होते, ना खुणेचे खांब. वरच्या उतारांवरील वृक्षतोड आणि हा पूर यांचा संबंध गोपेश्वरच्या दशोली ग्राम स्वराज्य संघाच्या कार्यकर्त्यांनी मदतकार्य करताना ओळखला. १९७३ पासून सुरू झालेल्या चिपको आंदोलनाच्या मुळाशी त्यांचा हा अनुभव होता.

चोराबारी ताल, २०१३

श्री क्षेत्र केदारनाथच्या मंदिरामागे हिमाच्छादित शिखरांच्या दिशेने सुमारे दोन किलोमीटरवर, ३,९०० मीटरहून अधिक उंचीवर चोराबारी ताल होते. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अस्थींचा काही अंश तेथे विसर्जित करण्यात आला, तेव्हापासून गांधी सरोवर हे नाव रूढ झाले. केदारनाथचे दर्शन घेऊन पहाटे या सरोवराकडे चालत जाण्याचा प्रघात अनेक जण पाळीत.

हे सरोवर सुमारे ४०० मीटर लांब, २०० मीटर रुंद आणि १५ ते २० मीटर खोल असे. तसे पाहता लहानच. मानसरोवराच्या तुलनेत ओंजळभर. परंतु त्याचा बांध चोराबारी हिमनदीच्या कडेच्या हिमोढाचा होता आणि त्यास वर सांडवा नव्हता. बर्फ वितळून वा पावसाने आलेले पाणी हिमोढाच्या तळातून झिरपून जात असे. एरवी तेवढे पुरेसे होते.

डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेचे निरीक्षण केंद्र या हिमनदीजवळच होते. त्यामुळे त्या दिवसांची नोंद उपलब्ध आहे. १५ जून २०१३ च्या सायंकाळपासून २४ तासांत तेथे ३२५ मिलिमीटर पाऊस झाला. त्या वर्षी उंचावर बर्फही पुष्कळ शिल्लक होता. त्यावर पाऊस पडल्याने तोही वितळून पाण्यात मिसळला. १६ तारखेस सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास मंदाकिनी व सरस्वती या नद्यांना पहिला लोंढा आला आणि खालचे रामबाडा हे मुक्कामाचे ठिकाण नष्ट झाले. दुसऱ्या दिवशी, १७ जूनला सकाळी पावणेसातच्या सुमारास चोराबारी तालाचा हिमोढ फुटला. पाच ते दहा मिनिटांत संपूर्ण सरोवर रिकामे झाले.

केदारनाथची वस्ती मंदाकिनी आणि सरस्वती यांच्या मधल्या, पूर्वीच्या हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या पठारावर वसलेली आहे. लोंढ्याबरोबर आलेले शिलाखंड या वस्तीवर पसरले. त्यांतील एक प्रचंड शिळा मंदिराच्या पाठीमागे येऊन थांबली, तिच्यामुळे प्रवाह दुभंगला आणि मंदिर बचावले. भाविक तिला भीमशिला म्हणून आज नमस्कार करतात. त्या आपत्तीत उत्तराखंडात मिळून पाच हजारांहून अधिक जीव गेले अथवा बेपत्ता झाले. त्यांत महाराष्ट्रातील यात्रेकरूही होते. मंदिरातील पूजा ११ सप्टेंबर २०१३ रोजी पुन्हा सुरू झाली.

१८९३ मध्ये कडा कोसळल्याचे सर्वांनी पाहिले होते, त्यामुळे धोका डोळ्यांपुढे होता. चोराबारी ताल मात्र कित्येक पिढ्या तेथेच होते, शांत होते, पवित्र होते. वर्षानुवर्षे ज्याने काही केले नाही त्याविषयी शंका येत नाही. त्यात यात्रेचा ऐन हंगाम, मोसमी पाऊस नेहमीपेक्षा लवकर आलेला, आणि नदीच्या अगदी काठापर्यंत बांधलेली निवासस्थाने. महाराष्ट्राला १२ जुलै १९६१ चा पानशेतचा प्रसंग ज्ञात आहे. अपुरे काम झालेल्या धरणात पाणी चढत गेले आणि पुणे शहराने त्याचे फळ भोगले. चोराबारीचा बांध मनुष्याने बांधलेला नव्हता एवढाच फरक. पाण्याचा नियम दोन्हीकडे एकच.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हिमालयातील प्रत्येक पुरामागे फुटलेले सरोवर असतेच असे नाही. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी ऋषिगंगा व धौलीगंगेच्या खोऱ्यात आलेल्या प्रलयानंतर प्रथम तशाच वार्ता पसरल्या होत्या. पुढील अभ्यासात शिखराच्या उतारावरून बर्फासह खडकाचा प्रचंड भाग सुटून दरीत कोसळला, हे निष्पन्न झाले.

मनुष्याने केलेले उपाय व मनुष्यनिर्मित तलाव

हिमोढाच्या सरोवरास मनुष्याला सांडवा करून देता येतो काय? येतो, परंतु काम अत्यंत दुष्कर आहे. नेपाळमध्ये ४,५८० मीटर उंचीवरील त्शो रोल्पा सरोवरास २००० साली दारे असलेला कालवा काढून पाण्याची पातळी तीन मीटरने उतरविण्यात आली. एव्हरेस्टच्या परिसरातील इम्जा सरोवर त्याहूनही उंच, ५,००० मीटरवर. तेथे २०१६ मध्ये नेपाळच्या सैन्याने कालवा खोदून पातळी साडेतीन मीटरच्या जवळपास खाली आणली. विरळ हवेत, जेथे चार पावले टाकली की धाप लागते, तेथे जवानांनी दगड वाहिले. ही पातळी काही मीटरच उतरली असली तरी सरोवरावरचा भार हलका झाला आणि जादा पाण्यास ठरलेली वाट मिळाली.

सिक्कीममधील दक्षिण ल्होनक सरोवराच्या बाबतीत उपाय अपुरा पडला. सुमारे ५,२०० मीटर उंचीवरचे हे सरोवर हिमनदी मागे हटत गेली तसतसे दशकागणिक वाढत होते. त्याचा धोका अभ्यासकांनी वारंवार सांगितला होता. २०१६ मध्ये नळ टाकून पाणी बाहेर काढण्याचा प्रयत्नही झाला. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री हिमोढाचा मोठा भाग सरोवरात घसरला, लाट उसळली आणि बांध फुटला. खाली चुंगथांग येथील तीस्ता नदीवरचे ६० मीटर उंचीचे जलविद्युत धरण त्या लोंढ्यात वाहून गेले. वरचे सरोवर निसर्गाचे, खालचा जलाशय मनुष्याचा. एकाच्या फुटण्याने दुसरे फुटले आणि पुराचे बळ आणखी वाढले. उंच खोऱ्यांत धरणे बांधताना वरच्या अंगास काय साठले आहे याचा विचार किती आवश्यक आहे, ते या घटनेने दाखवून दिले.

बदरीनाथच्या मार्गावरील जोशीमठाच्या वर औली येथे सुमारे ३,००० मीटर उंचीवर एक लहान कृत्रिम तलाव आहे. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांसाठी कृत्रिम बर्फ तयार करता यावे म्हणून तो २०१० मध्ये करण्यात आला. नंदादेवी शिखराच्या दर्शनासाठी औलीस जाणारे यात्रेकरू तेथे थांबतात. खाली असलेले जोशीमठ हे आदिशंकराचार्यांच्या ज्योतिर्मठाचे स्थान. ते जुन्या दरडीच्या राडारोड्यावर वसलेले असल्याचा इशारा १९७६ मध्ये सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने दिला होता. जानेवारी २०२३ मध्ये तेथील आठशेहून अधिक घरांस तडे गेले. जमीन खचण्याची कारणे अनेक असतात. परंतु अशा सैल उतारांवर पाणी साठविणे, मुरविणे वा सांडपाणी सोडणे यांत मैदानी प्रदेशापेक्षा कितीतरी अधिक सावधगिरी लागते, यावर दुमत नाही.

२०२४ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने उत्तराखंडातील १३ हिमसरोवरे धोकादायक ठरविली. त्यांतील पाच अति धोक्याच्या वर्गात मोडतात. त्याच वर्षी केंद्र सरकारने उत्तराखंड, हिमाचल प्रदेश, सिक्कीम व अरुणाचल प्रदेश या चार राज्यांसाठी १५० कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. या पाचांपैकी चमोली जिल्ह्यातील एकाचे नाव वसुधारा ताल असे आहे. माणा गावापुढील प्रसिद्ध वसुधारा धबधबा तो नव्हे. हे ताल धौलीगंगेच्या खोऱ्यात, यात्रामार्गापासून दूर आहे. नामसाधर्म्यामुळे भाविकांनी घाबरून जाण्याचे कारण नाही.

यात्रेकरू व दानशूर भाविकांसाठी

सरोवराच्या तीरावर पोहोचल्यावर प्रथम त्याचा काठ न्याहाळावा. काठ कातळाचा आहे की सुट्या दगडगोट्यांचा, आणि पाणी बाहेर जाणारा ओढा दिसतो की नाही, हे साध्या डोळ्यांनाही कळते. हिमोढाच्या धारेवर चढू नये. तेथील दगड वरून स्थिर वाटले तरी पायाखालून निसटतात. दुपारनंतर उन्हाने बर्फ वितळून ओढ्यांचे पाणी चढते, म्हणून सकाळी लवकर निघून दुपारपूर्वी परतावे. हेमकुंडासारख्या ठिकाणी स्नानाची इच्छा असेल तर एक डुबकी पुरे. ४,३०० मीटरच्या आसपास बर्फाच्या पाण्यात अधिक वेळ थांबणे वृद्धांच्या व हृदयविकार असलेल्यांच्या जिवावर बेतू शकते. आचमन आणि मार्जन यांनीही स्नानाचे पुण्य लाभते, असे शास्त्रच सांगते.

स्नानानंतर अंगावरचे वस्त्र पाण्यात सोडण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. वाहत्या नदीतही ती योग्य नाही, मग बाहेर वाट नसलेल्या सरोवरात तर नाहीच. तेथे टाकलेले तेथेच राहते आणि त्या थंडीत ते कुजतही नाही. सतोपंथाच्या पाण्यावर पडलेली काडी पक्षी उचलून नेतात, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. प्लास्टिकची पिशवी उचलण्याचे काम पक्ष्यांवर सोपवू नये.

मंदाकिनी व अलकनंदेच्या काठी मुक्काम करताना, विशेषतः जून ते सप्टेंबर या काळात, निवासस्थान नदीच्या पात्रापासून किती उंच आहे ते पाहावे आणि रात्री वर जाण्याची वाट कोणती ते दिवसाउजेडीच विचारून ठेवावे. नदीचे पाणी एकाएकी कमी झाले तर ते शुभचिन्ह समजू नये. वर कोठेतरी ते अडले असण्याची शक्यता असते, तेव्हा तत्काळ उंचावर जावे. चारधाम यात्रेची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळून जाणाऱ्याचा शोध आपत्तीच्या वेळी घेता येत नाही. २०१३ मध्ये कोण कोठे होते याची यादीच नसल्याने कित्येक कुटुंबांना आपल्या माणसांचा ठावठिकाणा कधीच कळला नाही.

दानशूर भाविकांनाही एक विनंती करणे उचित ठरेल. देवभूमीत धर्मशाळा बांधण्याची महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. पुण्यश्लोक अहल्यादेवी होळकरांनी केदारनाथापर्यंत यात्रेकरूंच्या निवाऱ्याची सोय केली होती. आजही अनेक मंडळे व कुटुंबे तेथील निवासासाठी सढळ हस्ते देणगी देतात. देणगी देण्यापूर्वी इमारतीचा नकाशा पाहिला जातो, खोल्यांची संख्या विचारली जाते, नामफलक कोठे लागणार याचीही चौकशी होते. त्याबरोबर जागा नदीपासून किती अंतरावर व किती उंचीवर आहे, पूर्वीच्या पुराचे पाणी तेथवर आले होते काय, भूगर्भतज्ज्ञाकडून ती तपासून घेतली आहे काय, हेही लेखी विचारून घ्यावे. नदीकाठची खोली यात्रेकरूंना अधिक आवडते, म्हणून बांधणाराही काठच पसंत करतो. देणगीदाराने वरच्या जागेचा आग्रह धरला तर तो मोडणे कोणासही सोपे जाणार नाही.

रामबाडा पुन्हा वसविण्यात आले नाही. आपत्तीनंतर केदारनाथचा पायी मार्ग तेथे मंदाकिनी ओलांडून दुसऱ्या तीराने वर नेण्यात आला आणि पूर्वीचे सुमारे १४ किलोमीटरचे अंतर त्यामुळे वाढले. मंदिराच्या मागील बाजूस लोंढा अडविण्यासाठी संरक्षक भिंती उभारण्यात आल्या. चोराबारी तालाच्या जागी उरला तो रिता खळगा, आणि हिमोढाला पडलेले ते भगदाड. मंदिरामागच्या उतारावरून गांधी सरोवराकडे जाणाऱ्या भाविकांना वाटाडे आजही ते हात करून दाखवितात.